सेंद्रिय सोलर सेल: मधल्या पातळ थरांची ठेवण काय घडवते आणि काय बिघडवते

सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या सोलर सेलबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक सक्रिय थराबद्दल असतं: कोणता डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) पॉलिमर, कोणता ॲक्सेप्टर (इलेक्ट्रॉन घेणारा रेणू), कोणतं द्रावक. प्रकाश तिथे शोषला जातो, तेव्हा हे साहजिकच आहे. २०१९ मध्ये वाय६ हा ॲक्सेप्टर आला, पीएम६ या पॉलिमरच्या जोडीने त्याने १५.७ टक्के कार्यक्षमता दिली आणि पुढच्या काही वर्षांत एकेरी सेलचे आकडे २० टक्क्यांना भिडले. पण तेच पीएम६, तेच वाय६, तेच क्लोरोफॉर्म वापरून एका टेबलावर फिल फॅक्टर (सेलचा प्रवाह-व्होल्टेजचा वक्र आदर्श चौकोनाच्या किती जवळ आहे त्याचं प्रमाण) ७५ टक्के येतो आणि शेजारच्या टेबलावर ६० वर अडकतो. अशा वेळी सक्रिय थराची कृती पुन्हा पुन्हा बदलत बसण्याआधी त्याच्या वरखालचे दोन पातळ थर तपासावेत. दोष बहुतेकदा तिथे सापडतो.

रचना थोडक्यात अशी. काचेवर इंडियम टिन ऑक्साइड, ज्याला सगळे आयटीओ म्हणतात. साधारण १५० नॅनोमीटर जाड, १५ ओहम प्रति चौरस रोधाचं. सरळ रचनेत त्यावर होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धन प्रभाराची जागा) वाहून नेणारा पेडॉट:पीएसएस या दोन पॉलिमरच्या मिश्रणाचा ३०-४० नॅनोमीटरचा थर, मग १००-१२० नॅनोमीटरचा सक्रिय थर, मग पीडीआयएनएन किंवा पीएफएन-बीआर यांसारखा इलेक्ट्रॉन वाहणारा ५-१० नॅनोमीटरचा थर आणि शेवटी चांदी. उलट्या रचनेत, जिथे इलेक्ट्रॉन आयटीओकडे गोळा होतात, आयटीओवर झिंक ऑक्साइड बसतं, आणि वर मॉलिब्डेनम ऑक्साइड व चांदी.

हे थर निवडताना सगळे जण ऊर्जापातळ्यांचा जिना काढतात. पीएम६ची होलची पातळी ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, पेडॉट:पीएसएसचं कार्यफल (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५.० ते ५.२, म्हणजे होल उतरेल; झालं. हा जिना काढावाच, पण प्रभाराने कुठल्या दिशेला जावं एवढंच तो सांगतो. तो प्रत्यक्षात पोहोचतो का, हे त्या थराच्या आतल्या ठेवणीवर ठरतं: कण कसे रचलेत, दोन कणांच्या मध्ये काय अडकलंय, रेणू उभे आहेत की आडवे, थर सलग आहे की मधेमधे आयटीओ उघडं पडलंय. जिन्याच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मॉलिब्डेनम ऑक्साइडचं. कितीतरी वर्षं त्याची व्हॅलन्स पातळी (जिथून होल चालतात ती) ५.३ च्या आसपास दाखवून, तो होल वाहणारा आणि इलेक्ट्रॉन अडवणारा पदार्थ आहे असं चित्र काढलं जायचं. २००९ च्या सुमारास फोटोइलेक्ट्रॉन मोजमापांनी दाखवलं की निर्वातात बसवलेल्या ताज्या थराचं कार्यफल ६.८ च्या जवळ आहे आणि इलेक्ट्रॉन आकर्षण ६.७ च्या. म्हणजे तो एन-प्रकारचा, इलेक्ट्रॉन वाहणारा पदार्थ आहे. सक्रिय थरातला होल त्यातून पलीकडे जात नाही. ऑक्साइडच्या कंडक्शन पट्ट्यातला (इलेक्ट्रॉन जिथे मोकळे फिरतात त्या पातळीवरचा) इलेक्ट्रॉन येऊन त्या होलला भेटतो. सेल मात्र जुन्या चित्रावर विसंबूनही उत्तम चालत होते.

आता आकड्यांत बघू. पेडॉट:पीएसएसच्या ४०८३ या प्रकाराची रोधकता ५०० ते ५००० ओहम-सेंटिमीटर दिलेली असते. १००० धरली आणि जाडी ४० नॅनोमीटर, तर दर चौरस सेंटिमीटरला रोध येतो ०.००४ ओहम. म्हणजे नगण्य. पण छापील रोधकता मोजलेली असते थराच्या पसरटीत, आडव्या दिशेने. सेलमध्ये प्रवाह जातो उभा, आणि तिथेच गोम आहे.

पेडॉट:पीएसएस पाण्यात विरघळत नाही, ते कणांच्या रूपात तरंगत असतं. थर वाळताना हे कण चपटे होतात: साधारण २०-२५ नॅनोमीटर रुंद, ५-६ नॅनोमीटर उंच, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे. गाभ्यात वाहक पेडॉट जास्त, आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये पीएसएसचा पापुद्रा. पीएसएस विजेचं वाहक नाही. आडव्या दिशेने जाताना प्रभाराला असे पापुद्रे कमी लागतात. उभ्या दिशेने प्रत्येक पायरीवर एक. त्यामुळे उभी वाहकता आडवीपेक्षा दसपटींनी, कधी शेकडो पटींनी कमी भरते. ती ५०० पट कमी धरली तर मघाचा ०.००४ ओहमचा आकडा २ ओहम होतो. २५ मिलिअँपिअर प्रवाहाला ५० मिलिव्होल्टची घट. कमाल शक्तीच्या बिंदूवर सेल ०.७ व्होल्टच्या आसपास चालतो, तर तिथेच सात टक्के गेले. ज्या पदार्थाच्या डब्यावर "रोध नगण्य" असं लिहिल्यासारखं होतं, त्याने केलेला हा खर्च आहे.

मग कोणी म्हणेल, वाहकता वाढवू. ४०८३ मध्ये पेडॉट आणि पीएसएसचं प्रमाण वजनाने १:६ असतं. पीएच१००० मध्ये १:२.५. पीएच१००० मध्ये आकारमानाने ५ टक्के डीएमएसओ हे द्रावक घातलं की पेडॉटचे तुकडे लांब, सलग धाग्यांसारखे होतात आणि वाहकता काहीशे सीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत चढते. पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून हे फार उपयोगी आहे. पण होल वाहणारा मधला थर म्हणून ते घातलं की नवं दुखणं येतं: थर आडवा इतका चांगला वाहतो की वरच्या चांदीच्या ठिपक्याच्या बाहेरून गोळा झालेला प्रभारही आत येतो. ०.०४ किंवा ०.१ चौरस सेंटिमीटरच्या छोट्या सेलमध्ये प्रवाह कागदावर फुगतो. सेल सुधारला असं वाटतं, आणि मास्क (ठरलेल्या क्षेत्रावरच प्रकाश पडू देणारी पट्टी) लावून मोजलं की सुधारणा नाहीशी होते. मधल्या थरासाठी ४०८३ सारखा मुद्दाम कमी वाहक ठेवलेला प्रकार वापरतात तो यासाठी.

४०८३ ची कृती सोपी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. आयटीओ साबणपाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये प्रत्येकी १५ मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये धुवावं, नायट्रोजनने वाळवावं, मग १५-२० मिनिटं यूव्ही-ओझोन. ओझोननंतर लगेच थर घालावा. तासभर ठेवलं तर पृष्ठभाग हवेतले कार्बनी रेणू ओढतो आणि पाण्याचं द्रावण पुन्हा थेंबाथेंबांनी गोळा होतं. द्रावण फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर असतं, ते गोठू देऊ नये. गोठून वितळलेल्या द्रावणात जेलचे गोळे होतात, आणि ते गाळणीतून गेले नाहीत तर गाळणी तुंबते, गेले तर थरात टेकड्या उभ्या राहतात. १०० नॅनोमीटरच्या सक्रिय थरात अशी एक टेकडी शॉर्टला पुरते. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून थेट काचेवर, ४००० ते ५००० आरपीएम, ३०-४० सेकंद. मग १५० अंशांवर १५ मिनिटं. भाजून झालं की काच गरम असतानाच ग्लोव्ह बॉक्सच्या (हवा-बाष्प नसलेल्या बंद पेटीच्या) अँटीचेंबरमध्ये, म्हणजे प्रवेशकप्प्यात, न्यावी. पीएसएस पाणी शोषतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात, जिथे हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, भाजलेला थर टेबलावर दहा मिनिटं ठेवला तरी भाजण्याचा अर्धा उपयोग वाया जातो. संपर्काच्या कडेवरचा थर मात्र भाजण्याआधीच ओल्या कापसाने पुसून घ्यावा, नंतर तो नीट निघत नाही.

पीएसएसची आणखी एक खोड म्हणजे तो आम्ल आहे. द्रावणाचा पीएच १ ते २ च्या आसपास. पाणी असेल तर तो आयटीओला हळूहळू खातो, आणि सुटलेलं इंडियम वर सरकतं. पहिल्या दिवशीचा वक्र छान आणि महिन्याभरात घसरण, याच्या कारणांच्या यादीत हे वर ठेवावं.

उलट्या रचनेतलं झिंक ऑक्साइड

आम्ल टाळायचं तर रचना उलटी करायची, आणि आयटीओवर झिंक ऑक्साइड घालायचं. सोल-जेलची प्रचलित कृती: झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १ ग्रॅम, इथेनॉलअमाइन ०.२८ ग्रॅम, २-मेथॉक्सीइथेनॉल १० मिलिलिटर. झाकण घट्ट लावून रात्रभर ढवळायचं. हिशेब केला तर झिंक आणि अमाइन दोन्ही ४.६ मिलिमोलच्या जवळ येतात, म्हणजे प्रमाण एकास एक. हे प्रमाण सहज ठरलेलं नाही. अमाइन झिंकला धरून ठेवतं आणि द्रावणात लवकर साका बसू देत नाही. कमी पडलं तर द्रावण गढूळ होतं. वजन करताना इथेनॉलअमाइन चिकट असल्याने मायक्रोपिपेटच्या टोकाला राहतं, म्हणून ते तराजूवरच मोजावं.

४००० आरपीएमला सुमारे ३० नॅनोमीटरचा थर मिळतो. तो हवेत २०० अंशांवर अर्धा ते एक तास भाजतात. हवेतच, कारण झिंक ॲसिटेटचं ऑक्साइड होताना हवेतली थोडी बाष्पं लागतात. हेच काम कोरड्या ग्लोव्ह बॉक्समध्ये केलं तर रूपांतर अर्धवट राहतं. १५० अंशांवर उरकलं तरी ॲसिटेटचे आणि अमाइनचे अवशेष कणांच्या सीमांवर उरतात. पावसाळ्यात उलटं होतं: आर्द्रता जास्त असली की काच फिरत असतानाच थर ढगाळ दिसू लागतो. तसा थर वापरू नये.

भाजण्याचा वेग हा इथला सर्वांत दुर्लक्षित भाग. आधीच तापलेल्या हॉट प्लेटवर काच ठेवली तर थर पटकन आवळतो आणि सपाट राहतो. खोलीच्या तापमानापासून हळूहळू चढवत नेलं, तर जेल अजून मऊ असताना त्यात ताण सुटतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतात, वाळत्या दुधावरच्या सायीसारख्या. या सुरकुत्यांमुळे सक्रिय थराशी संपर्काचं क्षेत्र वाढतं, आणि काही पदार्थांच्या जोड्यांत त्याने प्रवाह वाढल्याचं दिसलंय. पण सुरकुतीच्या माथ्यावर सक्रिय थर पातळ होतो. २०० नॅनोमीटरच्या थराला ते झेपतं, १०० नॅनोमीटरच्या पीएम६:वाय६ ला नाही. माझा कल स्पष्टपणे सपाट थराकडे आहे. दोन गटांच्या "त्याच कृती"त येणारा फरक किती वेळा एवढ्याच एका गोष्टीतून येतो, की एकाने प्लेट आधी तापवली आणि दुसऱ्याने काच ठेवून मग बटण दाबलं.

भाजल्यावर जे मिळतं ते वुर्टझाइट ठेवणीच्या, काही नॅनोमीटरच्या बारीक स्फटिकांचं. बारीक कण म्हणजे भरपूर सीमा, आणि सीमांवर भरपूर दोष: ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, हायड्रॉक्सिल गट. हवेतला ऑक्सिजन या जागांवर चिकटतो आणि थरातला इलेक्ट्रॉन पकडून बसतो. थर इलेक्ट्रॉनसाठी उपाशी राहतो, सीमेवर अडथळा उभा होतो, आणि सेलचा वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या सिम्युलेटरखाली दोन-पाच मिनिटं ठेवलं की अतिनील किरण झिंक ऑक्साइडमध्ये होल तयार करतात, ते होल चिकटलेला ऑक्सिजन सोडवतात आणि वक्र सरळ होतो. याला लाइट सोकिंग म्हणतात. आकडा सुधारला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा असं वाटतं, पण तो सेल फक्त अतिनील प्रकाश असेपर्यंत बरा आहे.

आणि अतिनील प्रकाशच या सेलचा वैरी आहे. झिंक ऑक्साइडचा पट्टा (व्हॅलन्स आणि कंडक्शन पातळ्यांमधलं अंतर) ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या किरणांनी तो जागा होतो आणि प्रकाशउत्प्रेरकासारखा वागतो. आयटीआयसी किंवा वाय६ सारख्या ॲक्सेप्टरमध्ये मधला गाभा आणि टोकाचा इलेक्ट्रॉन ओढणारा गट यांना जोडणारा कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. झिंक ऑक्साइडला टेकलेल्या रेणूंत तो बंध तुटतो. ४०० नॅनोमीटरखालचे किरण अडवणारा फिल्टर लावला की आयुष्य वाढतं, पण ज्या थराला चालायलाच अतिनील लागतो त्याला फिल्टर लावला तर एस-वक्र परत येतो. म्हणून आधी थर असा करायचा की त्याला लाइट सोकिंग लागू नये, आणि मग फिल्टर. यासाठी झिंक ऑक्साइडवर पीएफएन-बीआरचा अतिपातळ थर देऊन पृष्ठभागावरचे दोष झाकता येतात. ॲल्युमिनियम मिसळून वाहकता वाढवता येते. किंवा टिन ऑक्साइडकडे वळता येतं, ज्याचा पट्टा रुंद असल्याने हा उत्प्रेरकी त्रास कमी होतो. टिन ऑक्साइडचं नॅनोकणांचं तयार द्रावण पाण्याने पातळ करून १५० अंशांवर अर्धा तास भाजलं तरी पुरतं, कारण कण आधीच स्फटिक असतात. लवचीक प्लास्टिकवर सेल करायचा असेल तर हा मोठाच फायदा.

पाच नॅनोमीटरचे थर

सरळ रचनेत सक्रिय थरावर जे इलेक्ट्रॉन वाहणारे पदार्थ घालतात ते मिथेनॉलमध्ये विरघळणारे असतात, कारण मिथेनॉल खालच्या पीएम६:वाय६ ला विरघळवत नाही. पीएफएन-बीआर ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीडीआयएनएन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, दोन्ही ३००० आरपीएमच्या आसपास. दोघांचं काम एकच दिसतं: चांदीचं कार्यफल खाली आणणारा द्विध्रुव तयार करणं. पण त्यांची ठेवण वेगळी, म्हणून स्वभावही वेगळा.

पीएफएन-बीआरचा कणा पॉलिफ्लुओरिनचा. त्यातून इलेक्ट्रॉन नीट चालत नाही. थर इतका पातळ असतो म्हणूनच तो पार होतो. कागदावर हिशेब केला, वाहकता १०⁻⁷ सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर ५ नॅनोमीटरला ५ ओहम-चौरस सेंटिमीटर आणि १० नॅनोमीटरला १०. २५ मिलिअँपिअरला घट १२५ वरून २५० मिलिव्होल्ट. म्हणूनच त्याची सर्वोत्तम जाडी फार अरुंद पट्ट्यात बसते, आणि द्रावणाची तीव्रता दुप्पट झाली तर फिल फॅक्टर कोसळतो. पीडीआयएनएनमध्ये मात्र पेरिलीन डायइमाइडचे सपाट गाभे असतात. ते एकमेकांवर पत्त्यांसारखे बसतात, आणि बाजूच्या साखळीतलं अमाइन त्यांना थोडे इलेक्ट्रॉन देऊन ठेवतं. त्यामुळे इलेक्ट्रॉनला चालायला वाट असते आणि थर १०-२० नॅनोमीटर झाला तरी सेल मान टाकत नाही. मोठ्या क्षेत्रावर स्लॉट-डायने किंवा ब्लेडने थर द्यायचा झाला, तर पाच नॅनोमीटर सगळीकडे अचूक राखणं अशक्यप्राय. तिथे पीडीआयएनएनसारखी जाडी सोसणारी ठेवण मला निर्णायक वाटते.

पीईआयई हा अमाइनवाला साधा पॉलिमर. २०१२ मध्ये जॉर्जिया टेकच्या गटाने दाखवलं की तो जवळपास कुठल्याही इलेक्ट्रोडचं कार्यफल सुमारे १ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली आणतो. वाय६ च्या आधी फुलरिन हे कार्बनी गोळे ॲक्सेप्टर असत, त्या काळात तो हुकमी होता. पण वाय६ सारख्या रेणूंच्या टोकाशी मघाचा तोच दुहेरी बंध असतो, आणि अमाइन त्यावर थेट हल्ला करतं. जुनी कृती नव्या ॲक्सेप्टरला डोळे झाकून लावली की अशी फसगत होते. ऊर्जापातळ्या उत्तम जुळतात, आणि सीमेवर रेणूच शिल्लक नसतो.

उलट्या रचनेच्या माथ्यावर मॉलिब्डेनम ऑक्साइड बसवतात ते मुख्यतः एका व्यवहारी कारणाने: सक्रिय थर पाण्याला दूर लोटतो, त्यामुळे त्यावर पेडॉट:पीएसएस पसरत नाही, थेंब होऊन बसतं. ऑक्साइड निर्वातात, सेकंदाला ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमच्या वेगाने, ७ ते १० नॅनोमीटर. दोन-तीन नॅनोमीटरवर थांबलं तर सलग थर न होता बेटं होतात आणि मधून चांदी सक्रिय थराला शिवते. निर्वात मध्येच तोडून हवा आत घेतली तर कार्यफल एक इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त खाली येतं, म्हणून ऑक्साइड आणि चांदी एकाच फेरीत बसवावेत.

२०२० पासून पेडॉट:पीएसएसला खरा पर्याय म्हणून २पीएसीझेड आणि त्याचा ब्रोमीनवाला भाऊ पुढे आले. हा एका रेणूइतक्या जाडीचा थर, सुमारे १ नॅनोमीटर. खालचं फॉस्फोनिक आम्लाचं टोक आयटीओच्या हायड्रॉक्सिल गटांना बंधाने चिकटतं, वरचं कार्बाझोल सक्रिय थराकडे तोंड करून राहतं. ना उभ्या वाहकतेचा प्रश्न, ना पीएसएसचं आम्ल, आणि वाय६ जिथे शोषतो त्या ८०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पेडॉटने खाल्लेला प्रकाशही परत मिळतो. इथेनॉलमध्ये ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३००० आरपीएम, १०० अंशांवर १० मिनिटं, आणि मग पुन्हा शुद्ध इथेनॉलने धुणं. हे धुणं टाळू नये: न चिकटलेले रेणू वर ढीग करून बसतात आणि एकथरी म्हणवणारा थर पाचथरी होतो. आणि यूव्ही-ओझोन कमी पडला तर हायड्रॉक्सिल गट पुरेसे नसतात, रेणू विरळ आणि तिरपे बसतात, आयटीओ जागोजागी उघडं राहतं. त्याचं लक्षण ठरलेलं: वक्राचा आकार ठीक, पण खुल्या परिपथाचा व्होल्टेज नेहमीच्या ०.८४ ऐवजी कमी, आणि प्रत्येक काचेवर वेगळा.

वक्रावरून थर ओळखायची सवय लागली की बराच वेळ वाचतो. एस-वळण दिसलं तर कुठल्या तरी सीमेवर अडथळा आहे. लाइट सोकिंगने ते गेलं तर संशय झिंक ऑक्साइडवर, नाही गेलं तर वरच्या थराच्या जाडीवर. खुल्या परिपथाजवळ वक्र झोपाळलेला असेल तर मालिका रोध, म्हणजे आधी संपर्काच्या कडा आणि मग मधले थर. शून्य व्होल्टजवळच उतार असेल आणि अंधारातला वक्रही उलट्या बाजूला गळत असेल, तर टेकड्या आणि छिद्रं. त्या काचेवर आधी गाळणी आणि धुणं तपासावं. शून्याजवळ उतार आहे पण अंधारात गळती नाही, तर प्रभार सक्रिय थरातच एकमेकांत विरतोय, आणि तेव्हा मात्र क्लोरोफॉर्मच्या बाटलीकडे परत जायला हरकत नाही.